गोळीचे पाकीट आणि अर्धवट माहिती

मध्यंतरी एका सेवावस्तीतील महिला आरोग्य शिबिरात पस्तिशीच्या एका भगिनीने, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेत विचारले, "ताई, आठ वर्षं झाली पाळणा लांबवायची गोळी घेतेय. त्यानं पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?" आठ वर्षांत तिला गोळ्या अनेकांनी दिल्या होत्या, या प्रश्नाचे उत्तर मात्र एकानेही दिले नव्हते.

उत्तर नवे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००५ साली इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन एकत्र असलेल्या गोळ्यांचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला. २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये २४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सलग पाच वा अधिक वर्षे गोळी घेत असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका गोळी कधीच न घेतलेल्या स्त्रीपेक्षा जवळजवळ दुप्पट आढळला.

'दुप्पट' म्हटले की आपल्यातल्याच काहींचा आवाज चढतो आणि पाश्चात्त्य जीवनशैलीवरचे व्याख्यान सुरू होते. त्यांनी त्याच विश्लेषणाचा उरलेला भाग वाचावा. विसाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंत गोळी घेतल्यास, विकसनशील देशांत पन्नाशीपर्यंत हा कर्करोग होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण हजारी ७.३ वरून ८.३ वर जाते, म्हणजे हजारात एक अधिक. गोळी थांबवल्यावर धोका उतरत जातो व दहा वर्षांनी पूर्ववत होतो. शिवाय बीजांडकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग गोळीमुळे कमी होतो. हे झाकून ठेवून भय पसरवणे म्हणजे असत्यच. घाबरून गोळी सोडलेल्या स्त्रीवर नको असलेले बाळंतपण लादले गेले, तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

मूळ कारण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हा विषाणू आहे. गोळी त्याला फार तर हातभार लावते. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे की तो जडणे हा कोणाच्याही चारित्र्याचा दाखला ठरत नाही. एकनिष्ठ गृहिणीलाही तो जडू शकतो. लाजेपोटी तपासणी टाळणाऱ्या आपल्या घरांनी हे नीट समजून घ्यावे.

खरा अपराध इथे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तीस ते एकोणपन्नास वयाच्या जेमतेम १.९ टक्के भारतीय स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झाली होती. गोळी गावोगाव पोहोचली, तपासणी पोहोचली नाही. आणि मार्ग तर आपल्याच भूमीत सिद्ध झाला आहे! धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात बार्शीचे कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक यांच्या सहभागाने सव्वा लाखांहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली आले. विषाणूची केवळ एक चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले होते.

जाता जाता पुरुषांविषयी. त्याच सर्वेक्षणात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. मातृशक्तीचा गौरव करणाऱ्या समाजात कुटुंब मर्यादित ठेवण्याचा सारा भार तिच्याच देहावर का, हा प्रश्न आपल्या बैठकांतही विचारला गेला पाहिजे.

आपल्या शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासण्याच्या टेबलाशेजारी एक पडदा, एक प्रशिक्षित परिचारिका आणि गोळीविषयी पूर्ण माहिती देणारी एक कार्यकर्ती असावी. हे अशक्य नाही. त्या भगिनीला आम्ही गोळी सोडायला सांगितले नाही. पुढल्या आठवड्यात तिला तपासणीला नेले, तेव्हा वस्तीतल्या आणखी चौघी सोबत निघाल्या. एकीची तर सासूच तिला घेऊन आली होती.