घराला किती जाळी द्यावीत?

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा असतो. बिट म्हणजे द्विमान पद्धतीतील एक अंक, ० किंवा १. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात, आणि ते पुरले नाहीत. जागतिक साठ्यातील अखेरचे पाच गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणून आता आयपीव्ही६ ही १२८ बिटांच्या पत्त्यांची पद्धत जुनीच्या जोडीने वापरतात.

पिनकोड पाहा. आरंभी ४११ दिसले की पत्र पुण्याकडे जाते. आरंभीचे अंक जितके अधिक ठरलेले, तितका प्रदेश लहान. इंटरनेटच्या पत्त्यातील अशा ठरवून दिलेल्या आरंभीच्या भागाला प्रीफिक्स म्हणतात. केबलवरून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला ३२ बिटांचा किंवा त्याहून आखूड प्रीफिक्स मिळतो. त्यातून प्रत्येक घराला किती लांबीचा द्यायचा, हे तिने ठरवायचे. खरा वाद आहे तो इथे.

नव्या पत्त्यातील शेवटचे ६४ बिट एका जाळ्यातील यंत्रे ओळखण्यासाठी राखलेले असतात. तेव्हा घराला ६४ बिटांचा प्रीफिक्स दिला, तर घरात जाळे एकच. ‘पण त्या एका जाळ्यात १८ वर १८ शून्ये इतके पत्ते आहेत, मग कुरकुर कशाला?’ असे कंपनीचा हिशेबनीस विचारील. अडचण पत्त्यांच्या संख्येची नाहीच. ती भिंतींची आहे. दारावरचा स्वस्तातला कॅमेरा आणि ज्यावर आई बँकेचे व्यवहार करते तो संगणक एकाच जाळ्यात असणे धोक्याचे. पाहुण्यांसाठी निराळे जाळे हवे. तुमच्यापैकी कोणाला स्वतःचे छोटे जाळे उभारून प्रयोग करायचे असतील, तर आणखी एक हवे. माझ्या दृष्टीने हे शेवटचे कारण मुळीच गौण नाही. ६० बिटांच्या प्रीफिक्सने १६ जाळी होतात, ५६ बिटांच्या प्रीफिक्सने २५६.

ही उधळपट्टी नव्हे का? आक्षेप अगदीच पोकळ नाही. जुन्या पद्धतीत अमेरिकेतील एमआयटी या एकट्या संस्थेकडे १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा गठ्ठा होता. त्यातील मोठा भाग तिने २०१७ साली विकायला काढला. तेव्हा आता हिशेब मांडूनच बोलू. ३२ बिटांच्या प्रीफिक्समधून ५६ बिटांचे प्रीफिक्स काढले, तर ते होतात २ चा २४ वा घात, म्हणजे १,६७,७७,२१६. गंमत अशी की आकडा तोच आला, पण या वेळी तो घरांचा आहे! अर्थात सगळे वापरता येत नाहीत. ग्राहक वाढले की केबल-कंपनीला वस्तीचे दोन भाग करून ते निरनिराळ्या केंद्रयंत्रांना जोडावे लागतात, आणि प्रत्येक केंद्राजवळ वाढीसाठी मोकळी जागा ठेवावी लागते. तरीही मोठ्या कंपनीला आणखी जागा मागता येते. सध्या वाटपासाठी खुला असलेला भाग एकूण पत्त्यांचा केवळ एक अष्टमांश आहे. तेवढ्यातही ४८ बिटांचे सुमारे ३५ लाख कोटी प्रीफिक्स बसतात. ८०० कोटी माणसांत वाटले तर माणशी चार हजारांवर.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळींनी २००१ मध्ये घरांनाही सरसकट ४८ बिटांचा प्रीफिक्स सुचविला होता. २०११ मध्ये त्यांनी तो आग्रह सोडला. मात्र घराला एकाहून अधिक जाळी मिळावीत, हे कायम ठेवले. अमेरिकेतील कॉमकास्ट ही केबल-कंपनी घरच्या राउटरने मागणी केल्यास ६० बिटांचा प्रीफिक्स देते. मला हा हात आखडताच वाटतो. ५६ हा किमान असावा, आणि एकदा दिलेला प्रीफिक्स वारंवार बदलू नये. नाहीतर घरातील सगळे पत्ते पुन्हा बदलतात.

तुमच्या घरी आयपीव्ही६ असेल, तर राउटरच्या माहितीपानावर प्रीफिक्स शोधा. त्याच्या शेवटी तिरपी रेघ व तिच्यापुढे एक आकडा असतो. तो ६४ निघाला, तर वडीलधाऱ्यांच्या परवानगीने कंपनीला पत्र लिहा आणि ५६ मागा.