कुत्र्याबरोबर धांवणें

हल्लीं पहांटे रस्त्यावर निघावें तों चार-दोन माणसें तरी धांवतांना दिसतातच. कोणी एकटे असतात, कोणाच्या कानांत गाणीं चालूं असतात, कोणी मनगटावरील घड्याळाकडे पाहून आपल्या नाडीचे ठोके मोजीत असतात. या मंडळींत अलीकडे एक निराळी जोडी वारंवार दृष्टीस पडूं लागली आहे. पुढें कुत्रा, मागें धनी, व मध्यें एक ताणलेला पट्टा. आपल्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी हा व्यायाम करितात असें त्यांच्याच तोंडून ऐकिलें. ही चाल उत्तम आहे. तिच्याविरुद्ध एक अक्षरही लिहिण्याचा माझा हेतु नाहीं. मी स्वतः सात वर्षें कुत्र्याबरोबर धांवत आलों आहें. परंतु या जोडींत धांव कोणाच्या बेतानें चालावयाची, याविषयीं माझें एक निश्चित मत झालें आहे, व तें मला फुकट मिळालेलें नाहीं. म्हणून तें येथें मांडतों.

प्रथम लाभाची बाजू. नियमितपणा हा व्यायामाचा प्राण आहे हें ज्यास ठाऊक नाहीं असा मनुष्य विरळा, व तो पाळणारा त्याहूनही विरळा. रक्तांतील साखर वाढली आहे, रोज धांवा, असें डॉक्टरांनीं बजाविल्यावर मींही मोठ्या उत्साहानें नवे बूट आणिले. ते बरेच दिवस नवेच राहिले. पहिल्या आठवड्यांत तीन दिवस, दुसऱ्यांत एक. तिसऱ्यांत पाऊस होता, आणि पाऊस नव्हता तेव्हां तपासावयाच्या वह्या होत्या. पुढें एका श्रावणांत आमच्या फाटकाशीं एक गांवठी पिलूं येऊन राहिलें. त्याचें नांव मोती ठेविलें. आणि तें मोठें झालें तशा माझ्या सबबी एकामागून एक संपुष्टांत आल्या. मनुष्याशीं वाद घालतां येतो, घड्याळाचा गजर बंद करितां येतो. परंतु साडेपांच वाजतां बिछान्याच्या कडेवर हनुवटी टेकून अनिमिष नेत्रांनीं पाहत राहिलेल्या कुत्र्यास काय उत्तर द्यावें? त्यास रविवार कळत नाहीं, परीक्षांचा हंगाम कळत नाहीं, धन्याचें डोकें दुखतें हें तर मुळींच पटत नाहीं. सहा महिन्यांत माझी साखर उतरली. डॉक्टरांनीं त्याचें श्रेय मला दिलें. मीं तें मुकाट्यानें घेतलें.

कॅथलिक बायबलांत तोबीताचें एक छोटेंसें पुस्तक आहे. त्यांत तरुण तोबिया दूरच्या प्रवासास निघतो, देवदूत राफाएल मनुष्यरूपानें वाटाड्या होऊन त्याच्याबरोबर चालतो, आणि घरचा कुत्राही त्यांच्यासंगें निघतो. मौज अशी कीं, सबंध कथेंत त्या कुत्र्यास कांहींच काम नाहीं. तो चोर पकडीत नाहीं, कोणास संकटांतून सोडवीत नाहीं. जातांना तो बरोबर आहे व परततांना बरोबर आहे, एवढेंच लेखकानें नमूद केलें आहे. बायबलांत इतरत्र कुत्र्याचा उल्लेख बहुधा तिरस्कारानेंच येतो. म्हणून हा साधा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. पहांटेच्या धांवेंत कुत्र्याचें काम नेमकें असेंच असतें. तो उपदेश करीत नाहीं, काल किती मिनिटें लागलीं होतीं असें विचारीत नाहीं. तो बरोबर असतो. आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुली येथें शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. राजवैभवांत वावरणाऱ्यासही अशा सोबतीचें अगत्य वाटलें, यांत नवल नाहीं.

येथवर सर्व गोड आहे. आतां कडू भाग.

कुत्रा हा धांवण्यासाठींच जन्मास आलेला प्राणी, तेव्हां तो आपल्यापेक्षां अधिकच धांवेल, अशी सार्वत्रिक समजूत आहे, व ती निम्मी खरी आहे. सन २००९ मध्यें बर्लिन येथें उसेन बोल्ट यानें १०० मीटरांचें अंतर ९.५८ सेकंदांत तोडिलें. म्हणजे त्याचा सरासरी वेग ताशीं ३७-३८ किलोमीटर पडला. ग्रेहाउंड जातीचा कुत्रा ताशीं ६० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवतो. परंतु हा हिशेब थोड्या अंतराचा. अंतर वाढलें व ऊन चढलें म्हणजे पारडें फिरतें. मनुष्याच्या त्वचेंत घर्मग्रंथि वीस लाखांहून अधिक आहेत; सर्वांगास घाम सुटतो, तो वाळतो, व शरीर निवतें. कुत्र्यास असा घाम येत नाहीं. त्याच्या घामाच्या ग्रंथि मुख्यतः पंजांच्या गाद्यांत आहेत व त्यांचा उपयोग बेताचाच. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा मुख्य उपाय. आणि अंगावरील केसांचा डगला कांहीं त्यास उतरवून ठेवितां येत नाहीं. कालाहारीच्या वाळवंटांत सान जमातीचे शिकारी भर उन्हांत हरणाचा पाठलाग करून त्यास दमवून पाडीत, तें मनुष्याच्या याच शरीरधर्माच्या बळावर. म्हणजे आपल्या देशावरच्या उन्हांत धनी व कुत्रा या दोघांत दमदार ठरतो तो धनी. पट्टा मात्र त्याच्याच हातांत असतो.

हें सर्व मीं वाचलें, परंतु नंतर. मोती तीन वर्षांचा असतांना एका धांवण्याच्या शर्यतींत मीं नांव घातलें होतें व त्यासाठीं रविवारीं आठ किलोमीटर पुरे करण्याचा नेम केला होता. एप्रिलचा महिना. आदल्या रात्रीं एका लग्नाहून परतण्यास उशीर झाला, म्हणून जाग उशीरा आली. नेम मोडावयाचा नाहीं या हट्टानें नऊ वाजतां निघालों. चार किलोमीटर ठीक गेले. परततांना मोती एका कडुनिंबाखालीं थबकला. मीं पट्टा ओढला. पुढें तो एका भिंतीच्या सावलीस बसूं लागला; मीं म्हटलें, "चल रे, आतां थोडेंच राहिलें." आणि तो उठला. हें मी कधीं विसरणार नाहीं, कीं तो उठला. त्यानंतर अर्ध्या किलोमीटरावर त्याचे मागील पाय लटपटले व तो डांबरी रस्त्यावरच आडवा झाला. हिरड्या विटेसारख्या लाल झालेल्या, तोंडांतून चिकट लाळ, डोळे उघडे पण त्यांत ओळख नाहीं. जवळच्या रसवंतीचा मालक धांवत आला. त्यानें न विचारतां पाण्याची बादली त्याच्या पोटावर व पायांवर ओतली, आणखी दोन आणिल्या, व रिक्षा थांबविली. पशुवैद्यांनीं ताप पाहिला तों १०७ अंश. कुत्र्याचा स्वाभाविक ताप १०१ ते १०२ अंशांच्या आसपास असतो, हें त्यांनीं मला तेव्हां सांगितलें. तीन दिवस मोतीच्या शिरेंतून औषधपाणी चाललें होतें. त्या रसवंतीच्या मालकास मीं पैसे देऊं केले, ते त्यानें घेतले नाहींत. आणि माझ्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें ती मला लागली.

चौथ्या दिवशीं मोती घरीं आला. पांचव्या दिवशीं साडेपांच वाजतां जाग आली तों बिछान्याच्या कडेवर त्याची हनुवटी होती.

मीं ही हकीकत सांगितली म्हणजे बहुतेक मित्र माझें समाधान करूं पाहतात. ते म्हणतात, त्यास कोणी मारून-मुटकून नेलें नव्हतें. कुत्रा आपणहून धांवतो, त्यास आवडतें म्हणून धांवतो. माझें मत याच ठिकाणीं त्यांच्याहून भिन्न आहे. त्यास आवडतें ही गोष्ट खरी. परंतु 'आवडतें' म्हणजे 'झेपतें' नव्हे, आणि आपल्या माणसामागून जाणें हें त्याच्या जातीच्या अंगीं इतकें मुरलेलें आहे कीं, दम संपला तरी तो नकार देत नाहीं. देतो तो फार हळू आवाजांत: सावलीस थबकतो, एक पाऊल मागें पडतो, जीभ रुंद करून बाजूस सोडतो. पट्टा ओढला कीं तो हा नकार परत घेतो. ज्याची संमति एवढ्याशा ओढीनें मिळते, त्याच्या संमतीवर विसंबणें हें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. थांबण्याचा निर्णय धन्यानेंच, कुत्र्याच्या वतीनें व कुत्र्याच्या आधीं, घेतला पाहिजे. ज्यास हें करावयाचें नसेल, ज्यास आपले किलोमीटर मोडवत नसतील, त्यानें खुशाल एकट्यानें धांवावें.

महाभारतांतील महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराजाबरोबर अखेरपर्यंत एक कुत्रा चालतो, ही कथा आपण सर्वांनीं ऐकिली आहे. त्या कथेंत कुत्र्याच्या निष्ठेचें आपण कौतुक करितों. मला आतां त्यांतील दुसरी बाजू अधिक दिसते. कुत्रा कोठेंच थांबला नाहीं. थांबला तो धर्मराज, आणि तोही स्वर्गाचा रथ समोर उभा असतां.

असाच प्रकार आपल्या काळांतही घडला आहे. सन २०१६ मध्यें चीन देशांत गोबी वाळवंटाच्या परिसरांत सुमारें २५० किलोमीटरांची एक शर्यत अनेक टप्प्यांनीं झाली. तींत डायन लिओनार्ड नांवाच्या धांवपटूमागें एक लहानशी भटकी कुत्री लागली व १२० किलोमीटरांहून अधिक अंतर ती त्याच्याबरोबर धांवली. वाटेंत नदी आली तेव्हां ती कांठावर राहून ओरडूं लागली. लिओनार्ड मागें फिरला व तिला उचलून पलीकडे घेऊन गेला, आणि शर्यतींत मागें फिरणें म्हणजे काय तें धांवणाऱ्यास सांगावयास नको. अत्यंत उष्ण अशा टप्प्यांत तिला धांवूं न देतां मोटारीनें पुढें नेण्यांत आलें. तिचें नांव गोबी ठेविलें गेलें, व सन २०१७ मध्यें ती त्याच्या एडिंबरो येथील घरीं पोहोंचली. वर्तमानपत्रांनीं कुत्रीच्या धांवण्याची वाहवा केली. मला ती मोटार अधिक आठवते.

आतां कुत्र्याच्या निवडीविषयीं थोडें. सन २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातींत एका मुलामागें जाईल तेथें जाणारा चपट्या नाकाचा पग कुत्रा दाखविला होता, आणि पाहतां पाहतां घरोघर पग दिसूं लागले. दैवदुर्विलास असा कीं, मनुष्यामागें धांवण्यास ज्या जाती सर्वांत नालायक त्यांत ही येते. आंखूड नाकामुळें त्यास नुसत्या उकाड्यांतही धड श्वास घेतां येत नाहीं. त्याच्या पाठोपाठ हस्की आला. सन १९२५ च्या हिवाळ्यांत अलास्कांतील नोम गांवीं घटसर्पाची साथ पसरली असतां गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनीं ६७४ मैलांवरून टप्प्याटप्प्यानें सुमारें साडेपांच दिवसांत प्रतिविष पोहोंचविलें; टोगो व बाल्टो यांचीं नांवें तेव्हांपासून अजरामर झालीं. पण ती दौड शून्याच्या पुष्कळ खालच्या थंडींतली होती. तीच जात मे महिन्यांत सोलापूर-नगरच्या रस्त्यावर पट्ट्यास बांधून पळवावी, हा शौक नव्हे, छळ आहे. त्यापेक्षां आपला गांवठी कुत्रा बरा. आपला मुधोळ किंवा कारवानी कुत्राही देखणा व चपळ. सन २००५ मध्यें टपाल खात्यानें त्याचें तिकीटही काढिलें. परंतु तो सशामागें क्षणभर विजेसारखा सुटणारा. त्यास मैलोगणती फरफटत नेऊं नये.

कुत्रें कोणतेंही असो, वर्ष-दीड वर्षाचें होईतों त्याचीं हाडें कोंवळीं असतात. तोंवर त्यास खेळूं द्यावें, धांवडवूं नये. युरोपांत कॅनिक्रॉस नांवाचा खेळ आहे, त्यांत मनुष्याच्या कमरेपासून कुत्र्याच्या छातीवरील पट्ट्यापर्यंत लवचिक दोर असतो. तेथेंही वर्षापेक्षां लहान कुत्र्यास घेत नाहींत. गळ्यांतील पट्ट्यापेक्षां हा छातीवरचा पट्टा केव्हांही चांगला. रस्त्यावर पालथा हात टेकून पाहावा. आपणांस पांच-सात सेकंद ठेववला नाहीं तर कुत्र्याच्या पंजासही तो रस्ता नको. शेजाऱ्यांसाठीं रेबीजची लस व एक जुनें वर्तमानपत्र या दोन गोष्टींस विसरूं नये. वर्तमानपत्र कशासाठीं तें सुज्ञांस सांगणें न लगे.

आपल्याकडे एक अडचण आणखी आहे, ती परदेशी पुस्तकांत सांपडत नाहीं: गल्लोगल्लींचीं कुत्रीं. प्रत्येक चौकाची एक टोळी, व तिची हद्द नगरपालिकेच्या हद्दीहून अधिक कांटेकोर. मोती व मी दोघेही प्रथम त्यांस भीत होतों. दगड उचलणें, ओरडणें, वेग वाढविणें, हे सर्व उपाय मीं करून पाहिले व प्रत्येकानें भांडण वाढलें. शेवटीं समजलें कीं, त्यांच्या हद्दींत धांवावयाचेंच नाहीं. चौक आला कीं चालावयाचें, पट्टा ढिला ठेवावयाचा, त्यांच्याकडे टक लावून पाहावयाचें नाहीं, व हद्द संपली कीं पुन्हा धांव धरावयाची. आमच्या तीन किलोमीटरांत असे चार चौक आहेत. घड्याळ त्यामुळें नाराज असतें; आतां मीं तें घरींच ठेवितों.

मोती या पावसाळ्यांत नऊ वर्षांचा झाला. त्याच्या मागील उजव्या पायांत संधिवात आहे. एक तरणा कुत्रा आणावा व याला घरीं ठेवावें, अशी सूचना दोघां-तिघांनीं केली. सूचना सद्भावनेची होती. परंतु साडेपांच वाजतां हनुवटी टेकणारा अजून तोच आहे. आम्ही आतां पहिला चौक येईपर्यंत धांवतों, तो आला कीं चालूं लागतों, व त्यापुढें बहुधा चालतच राहतों. कडुनिंबापाशीं तो थांबला तर मीही थांबतों. परवां तेथें आम्ही पुरीं दहा मिनिटें बसलों होतों; शाळेचीं कांहीं मुलें शर्यतीच्या तयारीसाठीं धांवत पुढें निघून गेलीं, आणि मोतीनें त्यांच्याकडे मान वळवून पाहिलें, पण तो उठला नाहीं.