चित्र विद्यार्थ्याचे, गुण कोणाचे?

शैक्षणिक वर्षाची अखेर आली की शाळाशाळांतून चित्रकलेच्या वह्या आणि कागद गोळा होतात. कलाशिक्षक ते चाळतो, नोंदवहीत श्रेणी भरतो आणि गठ्ठे बांधून ठेवतो. भाषा-गणिताच्या उत्तरपत्रिकेसाठी पालक मुख्याध्यापकांकडे धाव घेतात. चित्रकलेच्या श्रेणीविषयी सहसा कोणी विचारत नाही. विचारावे असे कोणाला वाटतही नाही, कारण बहुतेकांच्या पदरी वरचीच श्रेणी पडलेली असते. जे सर्वांना सारखेच मिळते त्याची किंमत कोणी करीत नाही, हा जगाचा न्याय आहे. चित्रकला हा विषय शाळेच्या वेळापत्रकात असूनही समाजाच्या लेखी ‘मोकळा तास’ का झाला, याचे एक कारण या श्रेणीत दडलेले आहे.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० मध्ये शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत लागू केली. इतर विषयांसाठी आकारिक आणि संकलित असे दोन भाग ठरले; कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे विषय मात्र संपूर्णपणे आकारिक मूल्यमापनावर सोपवण्यात आले. म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत चित्रकलेचे शंभरच्या शंभर गुण वर्गावरील शिक्षकाच्या हाती आले. हेतू उत्तम होता. पण शिक्षकाने दिलेला गुण शेजारच्या शाळेतील गुणाशी तुल्य आहे की नाही, हे पाहणारी कोणतीही यंत्रणा त्याबरोबर उभी राहिली नाही. अधिकार दिला गेला, आधार दिला गेला नाही.

परीक्षा हा पर्याय नव्हे

यावर ‘मग सरळ बाहेरची परीक्षा घ्या’ असा उपाय सुचवला जातो. त्याचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या आणि आज कला संचालनालयामार्फत होणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी कित्येक पिढ्यांना चित्रकलेची गोडी लावली. खेड्यातल्या मुलाला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची शिस्त लावणारी दुसरी व्यवस्था फारशी नव्हती. या परीक्षांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तथापि या परीक्षांची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. ठरलेल्या तासांत, ठरलेल्या आकाराच्या कागदावर मूल काय उतरवते एवढेच तेथे दिसते. मुलाने वर्षभर काय पाहिले, किती रेखाटने टाकून दिली, एका कल्पनेपासून दुसऱ्या कल्पनेपर्यंत ते कसे पोहोचले, हे परीक्षकाला कळण्याचा मार्ग नसतो. त्यातच गेल्या काही वर्षांत इंटरमिजिएट परीक्षेतील अ, ब आणि क श्रेणींसाठी दहावीला अनुक्रमे ७, ५ आणि ३ वाढीव गुण देण्याची पद्धत सुरू झाली. पाचशेपैकी ७ गुण म्हणजे १.४ टक्के, अकरावीच्या प्रवेशात एवढ्याने महाविद्यालय बदलते. साहजिकच ‘बाजाराचे दृश्य’, ‘पावसातील बसथांबा’ अशी स्मरणचित्रे पाठ करून घेणारे शिकवणीवर्ग निघाले. स्मरणचित्र हे पाहिलेल्या जगाच्या स्मरणातून यावे ही मूळ कल्पना. ते पाठांतराच्या स्मरणातून येऊ लागले.

म्हणून चित्रकलेचे खरे मूल्यमापन शाळेतच, वर्षभराच्या कामावरूनच झाले पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो, की ते विश्वासार्ह कसे करावयाचे?

आकडे काय सांगतात?

पडताळणीविना दिलेले शाळांतर्गत गुण कोठे नेतात, याचा दाखला दहावीच्या निकालांनीच दिला आहे. २०१८ मध्ये राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढील वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे शाळांकडील अंतर्गत गुण काढून घेण्यात आले आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. अंतर्गत गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. महामारीमुळे लेखी परीक्षाच रद्द झाली, नववीचा निकाल आणि शाळांतर्गत मूल्यमापन यांवर भिस्त ठेवावी लागली, तेव्हा २०२१ चा निकाल ९९.९५ टक्के लागला. या चढउतारास अन्य कारणेही होती. २०१९ मध्ये अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलले होते. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर होऊ शकला नव्हता. ही सारी कारणे वजा केली तरी शाळेच्या हातातील गुण बहुधा एकाच दिशेने वाहतात, हे नाकारता येत नाही.

त्याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. निकालावर शाळेची पत ठरते, पटसंख्येवर तुकड्या टिकतात आणि तुकड्यांवर शिक्षकाची नोकरी टिकते. अशा स्थितीत संस्थाचालकांच्या पाल्यास, ओळखीच्या पालकाच्या मुलीस किंवा सगळ्या वर्गालाच ‘थोडे सांभाळून घ्या’ असे सांगितले गेले, तर एकटा कलाशिक्षक कोणाच्या बळावर नकार देणार? मूल्यमापनाला संरक्षण हवे ते प्रथम या प्रामाणिक शिक्षकासाठी. दुसरे संरक्षण हवे ते मन लावून काम करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी. घरच्या मोठ्यांनी रंगवून दिलेले चित्र आणि त्याने स्वतः झगडून काढलेले चित्र यांना एकच श्रेणी मिळाली, तर शाळेने त्याला कलेचा नव्हे, अप्रामाणिकपणाचा पाठ दिला असे म्हणावे लागेल. आता तर संगणकाला चार ओळी सांगितल्या की तो हवे ते चित्र काढून देतो. अंतिम चित्राकडे पाहून श्रेणी देण्याचे दिवस संपले आहेत.

नियमन म्हणजे अविश्वास नव्हे

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी होणाऱ्या माध्यमिक परीक्षेत कला विषयाचे ६० टक्के गुण विद्यार्थ्याच्या चित्रसंग्रहाला आणि ४० टक्के गुण मंडळाने दिलेल्या विषयावरील कामाला असतात. या दुसऱ्या भागातील अंतिम काम दहा तास शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे लागते. दोन्ही भाग तपासतो तो शाळेतील शिक्षकच. मात्र कल्पनेचा विकास, माध्यमांचा वापर, निरीक्षणांची नोंद आणि अंतिम सादरीकरण असे चार निकष आधीच ठरलेले असतात. शाळेतील सर्व कलाशिक्षक आपापले गुण एकमेकांशी ताडून पाहतात, काम स्वतःचेच असल्याचे विद्यार्थी लिहून देतो, शिक्षक त्यास दुजोरा देतो आणि त्यानंतर बाहेरचा नियामक काही नमुने तपासतो. शाळेचे गुण सैल किंवा कडक आढळले तर शाळेच्या गुणांचे प्रमाण बदलले जाते. विद्यार्थ्यांचा आपसातील क्रम सामान्यतः शिक्षकाने लावलेलाच राहतो. हाँगकाँगमध्येही २०१२ पासून सुरू झालेल्या उच्च माध्यमिक परीक्षेत दृश्यकलेचे निम्मे गुण शाळांतर्गत कामाला ठेवण्यात आले आणि त्यांचे नियमन परीक्षा प्राधिकरणाकडे सोपवले गेले.

ही कल्पना भारतास परकी नाही. दहावीच्या उत्तरपत्रिकांसाठी परीक्षकावर नियामक आणि त्यावर मुख्य नियामक ही रचना राज्य मंडळात रुळलेली आहे. २०२१ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या निकालासाठी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापक आणि सात शिक्षक यांची समिती नेमावयास लावली आणि त्या सातांपैकी दोघे शेजारच्या शाळांतील असावेत असे सांगितले. संकटकाळात जे शक्य झाले ते शांततेच्या काळात अशक्य का असावे?

याहून जुना दाखलाही आहे. आज ज्या शब्दाने गुणपत्रिकेतील दर्जा दाखवला जातो, तो ‘श्रेणी’ हा शब्द प्राचीन भारतात कारागिरांच्या संघाला लावला जाई. या श्रेणींचे स्वतःचे नियम असत आणि धर्मशास्त्राने त्यांना ‘श्रेणीधर्म’ म्हणून मान्यता दिली होती. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी केलेल्या कोरीव कामाचा लेख आहे; तेथे नाव एका व्यक्तीचे नव्हे, तर समूहाचे आहे. कामाचा दर्जा ही सर्व समव्यवसायिकांची जबाबदारी, हाच नियमनाचा आत्मा होय.

निकषांसाठीही दूर जाण्याचे कारण नाही. यशोधराने कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. आकारांची जाण, मापांचा तोल, भावाची अभिव्यक्ती, मांडणीतील सौंदर्य, निरीक्षणातील सच्चेपणा आणि रंग व साधनांवरील हुकमत, एवढ्या सहा गोष्टी सातवीच्या मुलालाही समजावून सांगता येतील. त्यांत ‘कल्पनेचा प्रवास’ हे सातवे अंग जोडले, तर आजच्या शाळेसाठी पुरेशी निकषपत्रिका तयार होते.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, प्रत्येक विद्यार्थ्याची दिनांकित चित्रसंग्रहिका. तिच्यात पूर्ण चित्रांबरोबर कच्ची रेखाटने, फसलेले प्रयत्न आणि दोन ओळींचे टिपणही असावे. चित्र उसने आणता येते. चित्रापर्यंतची वाट उसनी आणणे फार कठीण. दुसरी गोष्ट, सत्रातील किमान एक काम वर्गातच, शिक्षकासमोर व्हावे. घरचे काम आणि वर्गातील काम यांतील अंतर जाणत्या डोळ्यास लगेच दिसते. तिसरी गोष्ट, केंद्रातील शाळांच्या कलाशिक्षकांनी सत्रातून एकदा एकत्र बसावे. प्रत्येक शाळेतून वरच्या, मधल्या आणि खालच्या श्रेणीची काही कामे, नावे झाकून, मांडावीत आणि सर्वांनी स्वतंत्रपणे श्रेणी द्यावी. केंद्रप्रमुख आणि मासिक शिक्षण परिषदा यांची रचना महाराष्ट्रात आहेच. त्यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. चौथी गोष्ट, तफावत आढळल्यास दुरुस्ती संपूर्ण शाळेच्या गुणांची व्हावी, एकट्या मुलाची नव्हे. पाचवी गोष्ट, निकालानंतर काही महिने सर्व काम जपून ठेवावे आणि शंका असल्यास पालकांना ते पाहता यावे.

या सूचनांवर आक्षेप येतील. कलेला तराजूत घालू नये, हा पहिला. तो खराच आहे. पण तराजू आजही आहे, फक्त त्याची वजने कोणी तपासलेली नाहीत. दुसरा आक्षेप परंपरेचा : गुरूवर नियामक कसा? गुरुकुलातील गुरूच्या हाती महाविद्यालयीन प्रवेशाच्या किल्ल्या नव्हत्या, आणि त्याच्या शिष्याची कलाही अखेर जाणकारांच्या सभेत उभी राहूनच मान्यता पावत असे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. असंख्य शाळांत कलाशिक्षकच नाही. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळांना कलाशिक्षणासाठी किमान अंशकालीन निदेशक देण्याचे बंधन घातले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भूगोलाचा किंवा मराठीचा शिक्षक चित्रकलेची श्रेणी भरतो. अशा शाळांत नियमनाचा देखावा करू नये. तेथे श्रेणीऐवजी वर्णनात्मक नोंद द्यावी आणि रिक्त पद आहे हे प्रगतिपुस्तकावर स्पष्ट लिहावे. निदान वस्तुस्थिती तरी समाजासमोर येईल.

वारली पाड्यावरील मुलीने भिंतीवरच्या चौकातून उचललेली रेषा आणि शहरातील मुलाने जलरंगांत रंगवलेला देखावा यांना न्याय द्यावयाचा तर पाहणारे डोळे एकाहून अधिक हवेत. एका शिक्षकाची आवड हे संपूर्ण जिल्ह्याचे माप होऊ शकत नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने प्रगतिपुस्तकात शिक्षकाबरोबर विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि सहाध्यायांचे मूल्यमापन यावे असे म्हटले आहे, आणि मूल्यमापनाचे मानदंड ठरवण्यासाठी ‘परख’ ही संस्थाही २०२३ मध्ये स्थापन झाली. धोरणाची वाट मोकळी आहे.

परंतु शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. अनेक कार्यकर्ते शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, अनेक घरांत शिक्षक आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक घरात शाळेत जाणारे मूल आहे. दोन-तीन संस्थांनी मिळून एका तालुक्यात हा प्रयोग सुरू केला तरी आदर्श उभा राहील. पालकांच्या वाट्याचे काम तर याहून सोपे आहे : मुलाच्या चित्रावर आपला हात फिरवू नये. वेडीवाकडी असली तरी रेषा त्याची असू द्यावी. त्या रेषेला मिळालेली ‘ब’ श्रेणी, उसन्या चित्राला मिळालेल्या ‘अ’ श्रेणीपेक्षा मुलाला अधिक घडवते.