दवंडी आहे, हिशेब नाही

नगरपालिका आणि नागरिक यांच्यातील संवाद आज एकाच दिशेने वाहतो. घरपट्टी भरा, नाही तर जप्ती येईल. पाणीपट्टी भरा, नाही तर नळ तोडला जाईल. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवा. रस्त्यावरील टपरी उचला. हे सारे घंटागाडीच्या भोंग्यातून, चौकातील फलकावरून आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरून नागरिकाच्या कानी घातले जाते. परंतु भरलेल्या घरपट्टीचे पुढे काय झाले, आपल्या गल्लीतील नालीचे काम कोणत्या ठेकेदाराला किती रकमेस दिले, ते कधी संपावयाचे होते, आणि उद्या नळाला पाणी येणार की परवा, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. दवंडी आहे, हिशेब नाही. लोकशाहीत हा क्रम उलटा असावयास हवा होता.

हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अधिक तीव्र आहे. हिंगोली, वसमत व कळमनुरी येथे नगर परिषदा आहेत. सेनगाव व औंढा नागनाथ येथे नगर पंचायती आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार, म्हणजे ४० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या ‘ब’ वर्गातली ही नगर परिषद. अशा नगरांकडे ना महानगरांची वृत्तपत्रे लक्ष देतात, ना मंत्रालय. येथे नगरपालिकेने स्वतःहून सांगितले नाही तर नागरिकाला कळण्याचा दुसरा मार्ग सहसा नसतो. मग चहाच्या टपरीवरील अफवा हेच नगरवृत्त होऊन बसते.

राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी पुढील निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे घटनेने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. २००६ साली अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन पुन्हा अधोरेखित केले. तरीही महाराष्ट्रात काय घडले? हिंगोलीत २०१६ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरे. पण त्या आरक्षणासाठी लागणारी माहिती वेळेवर गोळा करण्याचे काम कोणाचे होते? ते न झाल्याची शिक्षा मागासवर्गीयांना आणि सर्वच मतदारांना भोगावी लागली. राज्यकर्त्यांना ती भोगावी लागली नाही. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे तिची मुदतही वाढवून द्यावी लागली, तेव्हा कोठे २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील नगर परिषदांचे मतदान झाले. काही ठिकाणी ते २० डिसेंबरवर गेले, आणि मोजणी २१ डिसेंबरला झाली. पाच वर्षांच्या मुदतीच्या संस्थेला जवळजवळ चार वर्षे लोकप्रतिनिधी नव्हते.

या काळाचे समर्थन करणारे लोक थोडे नाहीत, आणि त्यांत सुशिक्षितांचा भरणा मोठा आहे. ‘प्रशासक होता तेव्हा निदान कामे तरी झाली, नगरसेवकांची भांडणे नव्हती’, असे ते म्हणतात. या म्हणण्याकडे तुच्छतेने पाहून चालणार नाही; नगरसेवकांच्या वर्तनाने लोक विटले आहेत हे त्यातून दिसते. पण युक्तिवाद म्हणून तो टिकत नाही. भांडण थांबले म्हणजे गैरव्यवहार थांबला असे नव्हे. गैरव्यवहाराविषयी विचारणारे तोंड तेवढे थांबले. १९६५ च्या नगर परिषद अधिनियमानुसार सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा भरवावी लागते. तेथे विषयपत्रिका असते, विरोधी सदस्य असतो, ठरावाला हरकत नोंदविता येते, इतिवृत्त तयार होते. प्रशासकाच्या राजवटीत हीच सर्वसाधारण सभा एका अधिकाऱ्याच्या सहीत सामावते. प्रस्ताव मांडणारे कार्यालय आणि तो मंजूर करणारा अधिकार एकाच यंत्रणेतले असले, की प्रश्न विचारावयाचा कोणी आणि कोणाला? निजामाच्या राजवटीत मराठवाड्याने तालुकदाराचा अंमल पाहिला. १९४८ साली ती राजवट संपली. परंतु ‘साहेबांनी ठरविले’ हे उत्तर पुरेसे मानण्याची सवय मात्र पूर्णपणे संपली नाही. ती सवय जोपासणे हे लोकशाही समाजवाद्याचे काम असू शकत नाही.

तेव्हा निवडणुका झाल्या, आता प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांचाही भ्रम दूर केला पाहिजे. निवडणूक हा हिशेबाचा आरंभ आहे. एका विसंगतीकडे पाहावे. हजार वस्तीच्या खेड्यात ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार वेळा ती बोलवावी लागते. तेथे शेतमजूर सरपंचाला उभे राहून खर्च विचारू शकतो. तोच शेतमजूर पोटासाठी हिंगोलीत येऊन राहिला की त्याचा हा अधिकार संपतो. शहरात ग्रामसभेला समांतर असे काही नाही. घटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. म्हणजे लहान नगराचा रहिवासी खेड्याच्या हक्कालाही मुकला आणि महानगराच्या हक्कालाही. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेच्या वेळी, २००५ नंतर, केंद्राने लोकसहभागाचा कायदा करण्याची अट घातली. राज्याने २००९ साली क्षेत्रसभेची कलमे कायद्यात घातली आणि निधी घेतला. सभा मात्र कागदावर राहिल्या. त्यात भर म्हणून एका प्रभागाला दोन सदस्य देण्याची पद्धत आली. पाणी आले नाही तर पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा मुख्याधिकाऱ्याकडे, आणि मुख्याधिकारी तर राज्य शासनाच्या सेवेतले. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की सदस्यांनी, हा नियमही राज्यातील सत्ता बदलली की बदलतो: २०१६ साली थेट, २०२० साली सदस्यांतून, २०२२ साली पुन्हा थेट. लोकांना काय सोयीचे याचा विचार त्यात कोठे होता?

या साऱ्याच्या मुळाशी अर्थव्यवस्था आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठाणे झालेल्या गावावर कचेऱ्या, वसाहती, वाहने आणि माणसे यांचा भार वाढणार हे उघड होते. नेमक्या त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९९९ पासून, राज्यातील नगर परिषदांची जकात रद्द झाली. हळदीच्या आणि धान्याच्या बाजारपेठेवर उभ्या असलेल्या गावाचे हक्काचे उत्पन्न गेले आणि त्याच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. जकातीत दोष होते. नाक्यावरची लाचलुचपत सर्वांना ठाऊक होती. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. स्वतःच्या करावर चालणारी संस्था करदात्याकडे पाहते. अनुदानावर चालणारी संस्था अनुदान देणाऱ्याकडे पाहते. नगरपालिकेची मान तेव्हापासून मुंबईच्या दिशेने वळली आहे. आमदाराने ‘आणलेला’ निधी, मंत्र्यांनी ‘दिलेला’ रस्ता ही भाषा याच व्यवस्थेतून जन्मली. लोकांचाच पैसा लोकांना भेट म्हणून परत मिळतो आणि फलकावर छायाचित्र भेट देणाऱ्याचे लागते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नगरपालिकांच्या अर्थकारणावर अहवाल काढला. त्यानुसार भारतातील नगरपालिकांचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे १ टक्क्यावर दीर्घकाळ अडकून आहे. ब्राझीलमध्ये तेच प्रमाण ७.४ टक्के, दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के. ही दरिद्री संस्था नागरिकाला हिशेब देत नाही याचे एक कारण असे, की हिशेब वरच्या कार्यालयाला दिला म्हणजे तिचे भागते.

माहिती न देणे हा केवळ सौजन्याचा अभाव नव्हे. ती गरिबावर लादलेली पट्टी आहे. हिंगोलीला पाणी येते ते सिद्धेश्वर धरणातून. धरण भरले तरी नळाला पाणी रोज येईल असे लहान नगरांत कोठेच गृहीत धरता येत नाही. समजा, एखाद्या वस्तीत दर चौथ्या दिवशी पाणी येते, म्हणजे वर्षातून सुमारे ९० वेळा. ते केव्हा येणार हे आधी कळत नसेल, तर घरातील एका स्त्रीला नळाशी थांबावे लागते. या ९० खेपांपैकी केवळ २० खेपांना तिचा रोजगार बुडाला आणि मजुरी ३०० रुपये धरली, तरी वर्षाला ६ हजार रुपये बुडाले. लहान नगराची वर्षाची पाणीपट्टी यापेक्षा पुष्कळ कमी असते. बंगल्यात राहणाऱ्याला या अज्ञानाची किंमत पडत नाही. त्याच्याकडे विंधन विहीर आहे, गच्चीवर टाकी आहे. ज्याच्याकडे दोन घागरी आहेत त्याच्यासाठी वेळापत्रक हेच भांडवल. एक कागद चिकटविण्याच्या खर्चात जी लूट टळते, ती न टाळणे ही कोणाची सोय आहे?

कायद्याची तराजूही अशीच एका बाजूला झुकलेली आहे. नागरिकाने घरपट्टी थकविली तर दरमहा २ टक्के शास्तीची तरतूद आहे. नगरपालिकेने नागरिकाचे काम थकविले तर? २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत देणे बंधनकारक केले आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. पण त्यासाठी नागरिकाने आधी अर्ज करावा, मग पहिले अपील, मग दुसरे अपील, मग आयोग. नागरिकाची शास्ती आपोआप वाढते; कार्यालयाचा दंड मागून, झगडून, खेटे घालून मिळवावा लागतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम तर स्पष्टच सांगते की, कोणी मागण्याची वाट न पाहता सार्वजनिक संस्थेने आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध केली पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगानेही हिशेब प्रसिद्ध करणे ही अनुदानाची अट केली. म्हणजे कायद्याचा अभाव नाही. तो राबवून घेणाऱ्या संघटित शक्तीचा अभाव आहे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आता सर्व काही भ्रमणध्वनीवर व संकेतस्थळावर मिळते. मिळते ते कोणाला? हिशेबाचे शंभर पानी परिशिष्ट संकेतस्थळाच्या कोपऱ्यात टाकणे हे प्रसिद्ध करणे नव्हे, ते पुरणे आहे. ज्या गल्लीत पैसा खर्च झाला त्या गल्लीत, मराठीत, जेथे गरज असेल तेथे उर्दूतही, मोठ्या अक्षरांत लिहिला जातो तो हिशेब. दुसरा आक्षेप असा, की लोकांनाच रस नाही. केरळात एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरांत वॉर्डसभेची तरतूद कायद्यात आहे. १९९६ पासून तेथे राज्याच्या नियोजन निधीचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा प्रयोग झाला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे नगरात १९८९ पासून वस्तीवस्तीच्या सभांतून अंदाजपत्रकाची प्राथमिकता ठरू लागली. जेथे सभेच्या हाती निर्णय असतो तेथे लोक येतात. जेथे हार-तुरे आणि भाषणे असतात तेथे ते का यावेत?

महाराष्ट्राला यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी १ हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला आणि ती रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी असे सुचविले. सभागृहात ते एकटे पडले. पण नगरपालिकेचा प्रत्येक रुपया म्हणजे कोणाच्या तरी तोंडचा घास आहे, हे त्यांनी त्या एका मताने नोंदवून ठेवले. आज नगरसेवकाचे मूल्यमापन याच कसोटीवर झाले पाहिजे. तो विवाहसमारंभाला आला की नाही, यावर नव्हे.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. प्रत्येक प्रभागात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक फलक लागलाच पाहिजे: पाण्याचे वेळापत्रक, चालू कामाची रक्कम, ठेकेदार, मुदत आणि अभियंत्याचे नाव. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका सभेआधी आणि इतिवृत्त सभेनंतर लोकांसमोर आले पाहिजे. वर्षातून चार वेळा प्रभागसभा झाली पाहिजे; ती नगर परिषदेने बोलाविली नाही तर नागरिकांनी बोलवावी आणि दोन्ही सदस्यांना एकाच बाकावर बसवावे. राज्याने लहान नगरांना ग्रामसभेच्या तोडीची कायदेशीर सभा द्यावी, यासाठी आंदोलन उभारावे. आणि हे फलक नगर परिषद लावीत नसेल तर माहिती अधिकाराखाली मिळविलेला मजकूर कार्यकर्त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहावा. मोर्चापेक्षा हे काम कमी गाजेल. पण ते न केल्यास मोर्चात येणारा माणूसही एक दिवस येईनासा होईल.

नव्या सभागृहांच्या हाती पाच वर्षे आहेत. ती वर्षे पुन्हा दवंडी ऐकण्यात घालवावयाची, की पहिल्या तिमाहीपासून हिशेब मागावयाचा, हे सभागृह ठरविणार नाही. ते प्रभागातील माणसे ठरवितील, आणि त्या माणसांना एकत्र आणणे हेच पक्षाचे प्रथम कर्तव्य आहे.