पाना हाती घेणारा गुन्हेगार, अनुदान लाटणारा उद्योगपती

पेट्रोलची जुनी मोटारसायकल अंगणात खोलावी, इंजिन आणि सायलेन्सर उतरवावेत, मागच्या चाकात हब मोटर बसवावी, इंजिनाच्या रिकाम्या जागेत बॅटरी व कंट्रोलर घट्ट बांधावा, हे काम आता गूढ राहिलेले नाही. वायरमन, वेल्डर आणि गॅरेजमधला मिस्त्री असे तिघे एकत्र बसले की ते होते. परंतु ते पुरे होताच गाडीचा मालक कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने परवानगीवाचून फेरबदलाला मनाई केली आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा जोडली.

कायद्यात वाट ठेवली आहे, असे सांगितले जाईल. ती वाट कोणासाठी आहे? एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासून मान्य झालेले किटच बसवता येते. तेही ठराविक मॉडेललाच, आणि किट बनवणाऱ्याने नेमलेल्या माणसाच्या हातूनच. चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख संस्था पुण्याच्या टेकडीवर आहे. १९६६ साली वाहनउद्योगाने सरकारच्या साथीने ती उभी केली, आणि वाहनांचे कारखानदारच तिचे सभासद आहेत. जुनी गाडी आणखी दहा वर्षे चालली तर ज्याची नवी गाडी खपणार नाही, त्याच्याच अंगणात मिस्त्रीने परीक्षेला बसायचे!

आता दुसरी बाजू पाहावी. २०१९ साली केंद्र सरकारने फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी दहा हजार कोटी रुपये राखले. दुचाकींचे अनुदान नव्या गाडीमागे, कारखानदाराच्या हातून दिले गेले. देशी भागांची अट मोडून अनुदान घेतल्याचे उघडकीस आल्यावर २०२३ साली सात कंपन्यांकडे ४६९ कोटी रुपये परत मागण्याची पाळी सरकारवर आली. मागणी पत्राने झाली. कैदेची भाषा मिस्त्रीसाठी राखून ठेवलेली आहे. जुन्या गाडीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क मात्र एप्रिल २०२२ पासून तीनशेवरून हजार रुपयांवर नेण्यात आले.

सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही, आणि श्रमिकांच्या कैवाराच्या नावाखाली तो उडवून लावणे बेजबाबदारपणाचे होईल. भंगारातले सेल जोडून, संरक्षक सर्किटवाचून बांधलेली बॅटरी घरात चार्जिंगला लावणे म्हणजे झोपलेल्या मुलांच्या उशाशी आग ठेवणे होय. वजन बदलले की ब्रेकचे गणितही बदलते. पण मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या धानोरीत रस्त्याकडेला पेटलेली स्कूटर कोणा मिस्त्रीने अंगणात बनवली नव्हती. ती एका बड्या कंपनीची, रीतसर मान्यता मिळालेली, नवी कोरी गाडी होती. त्या वर्षीच्या आगींनंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. कारखाने बंद केले नाहीत. तोच न्याय गॅरेजला का नाही?

चळवळीतल्या काहींना हा सारा मध्यमवर्गीय छंद वाटतो. त्यांनी दूधवाल्याचा, सिक्युरिटी गार्डचा, पार्सल पोचवणाऱ्या पोराचा रोजचा पेट्रोलखर्च मांडून पाहावा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते आणि तेवढ्यावर शंभर सीसीची गाडी साठेक किलोमीटर जाते. विजेची दुचाकी एका युनिटवरच तीस किलोमीटरच्या आसपास जाते. चंद्रपूर-कोराडीचा कोळसा जळतो हे खरे. औष्णिक केंद्रात दोन तृतीयांश उष्णता वाया जाते हेही खरे. ती वजावट करूनही पारडे विजेकडेच झुकते.

तेव्हा मागणी कायदा मोडण्याच्या मुभेची नसावी. प्रत्येक जिल्ह्यातील आयटीआयमध्ये सरकारी खर्चाने ब्रेक, वायरिंग व बॅटरी तपासणारे केंद्र असावे. सेल व बॅटरी-संरक्षक सर्किट प्रमाणित दुकानातूनच घ्यावे, मात्र जोडणीचा परवाना परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कोणत्याही मिस्त्रीला किंवा मिस्त्रींच्या सहकारी संस्थेला मिळावा. आणि तपासणीत उतरलेल्या गाडीची नोंद त्याच दिवशी आरटीओने बदलून द्यावी. अनुदान द्यायचेच असेल तर ते या केंद्राच्या दाखल्यावर थेट गाडीमालकाच्या खात्यात जमा व्हावे.