युनिव्हर्सिटी ही आधी एक संघटना होती: युरोपातील अध्यापक-संघांची आठशे वर्षे आणि पुढचा प्रश्न

१/ ‘युनिव्हर्सिटी’ या शब्दात विश्व शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे. हिंदीतील ‘विश्वविद्यालय’ हा प्रतिशब्द त्याच समजुतीवर उभा आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये मात्र ‘युनिव्हर्सितास’ म्हणजे समान हितासाठी एकत्र आलेल्या माणसांचा, कायद्याने ओळखला जाणारा संघ. कारागिरांचा संघ जसा असे, तसाच गुरूंचा किंवा शिष्यांचाही असे. आजचा दीर्घ धागा या विसरलेल्या अर्थाविषयी, आणि युरोपातील उच्च शिक्षणात काम करणाऱ्यांच्या संघटनांचे पुढे काय होणार याविषयी.

२/ ही कल्पना आपल्या वाचकांना परकी वाटू नये. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद त्यात आहे. राजाचा जावई ज्यांच्याकडे निःशंकपणे पैसा ठेवतो, अशा संस्थेला स्वतःचे नियम असतात आणि स्वतःची पत असते. युरोपातील पहिली विद्यापीठे जन्मली ती अशाच श्रेणींच्या रूपात.

३/ माझे मत आरंभीच मांडतो. अध्यापकांच्या व विद्यापीठीय कर्मचाऱ्यांच्या संघटना आज युरोपात पूर्वी कधी नव्हत्या इतक्या आहेत. अधिवेशने आहेत, प्रशिक्षणवर्ग आहेत, अहवाल आहेत. परंतु ज्या एका गुणामुळे जुना संघ राजालाही भारी पडे, तो गुण त्यांच्यात क्षीण झाला आहे. एका सभासदावर घाला पडला की सर्वांनी स्वतःची झीज सोसून उभे राहायचे, हा तो गुण.

४/ बोलोन्याच्या विद्यापीठाचे परंपरेने मानलेले स्थापनावर्ष १०८८. येथे संघ होता तो विद्यार्थ्यांचा. परमुलखातून कायदा शिकायला आलेल्या या तरुणांना नगरात नागरिकत्वाचे संरक्षण नव्हते, म्हणून ते एकत्र आले. मग त्यांनी शिक्षकांनाच नियम घालून दिले. तास उशिरा सुरू केला, दंड. अवघड भाग टाळला, दंड. गावाबाहेर जायचे, तर विद्यार्थ्यांची परवानगी. प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी निवडलेल्या रेक्टरपुढे शपथ घ्यावी लागे. (आजच्या विद्यार्थिमित्रांनी हे वाचून फार हुरळून जाऊ नये; फीही तेच थेट देत असत.)

५/ पॅरिसमध्ये संघ होता तो गुरूंचा, आणि त्याच्या सामर्थ्याची खरी कसोटी लागली १२२९ मध्ये. कार्निव्हलच्या दिवसांत नगराबाहेरच्या एका मद्यगृहात बिलावरून भांडण झाले. गावकऱ्यांनी विद्यार्थ्यांना चोपले. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी काठ्या घेऊन परतले आणि दुकानांची मोडतोड झाली. राजमाता ब्लांश हिने शिक्षेचा आदेश दिला. शिपायांनी काही विद्यार्थ्यांना ठार केले, आणि मेलेले बहुधा त्या दंगलीतले नव्हतेच.

६/ गुरूंच्या संघाने अध्यापन थांबवले. केवळ थांबवले नाही, ते शहर सोडून गेले. कोणी ऑर्लेआँला, कोणी आँजेला, कोणी तुलूझला. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने त्यांना आपल्याकडे येण्याचे निमंत्रण धाडले. पॅरिसची विद्या सुमारे दोन वर्षे ओस पडली. अखेर पोप नववा ग्रेगरी मध्ये पडला. एप्रिल १२३१ मध्ये ‘पारेन्स सायेन्तिआरूम’ ही सनद निघाली आणि अन्यायाचे निवारण न झाल्यास अध्यापन बंद ठेवण्याचा हक्क संघाला लेखी मिळाला.

७/ हे शक्य कसे झाले? कारण त्या काळच्या विद्यापीठाकडे जवळजवळ काहीच नव्हते. इमारती नव्हत्या, ग्रंथालये नव्हती, जमिनी नव्हत्या. भाड्याच्या खोलीत तास होत. गुरू आणि शिष्य उठून चालू लागले की विद्यापीठच चालू लागे. १२०९ मध्ये ऑक्सफर्डहून असेच लोक उठले. त्यांतल्या काहींमुळे केंब्रिज उभे राहिले. १२२२ मध्ये बोलोन्यातून निघालेल्यांनी पादुआ वसवले. निर्धनता हेच त्यांचे शस्त्र होते.

८/ पुढे इमारती आल्या, दानपत्रे आली, राजाश्रय आला, आणि पाय जड झाले. त्याबरोबर संघ स्वार्थीही झाला, हे लपवण्याचे कारण नाही. कोणाला आत घ्यायचे यापेक्षा कोणाला बाहेर ठेवायचे यातच त्याची बुद्धी अधिक चालू लागली. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधील धर्मविषयक अटी बहुतांशी दूर व्हायला १८७१ उजाडले, आणि केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. जुन्या संघाचे गुणगान करताना त्याच्या बंद दाराचाही उल्लेख व्हावा.

९/ म्हणूनच फ्रेंच राज्यक्रांतीला हे संघ विशेषाधिकारांची वारुळे वाटली. जून १७९१ च्या ल शापलिए कायद्याने व्यावसायिक संघांवरच बंदी आली. १७९३ मध्ये फ्रान्समधील जुनी विद्यापीठे बंद झाली. त्यानंतर नेपोलियनने उभारले ते सरकारी शिक्षणखाते, ज्यात प्राध्यापक हा शासनाचा सेवक. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली तीही सरकारी कायद्याने, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी मंडळे म्हणून. गुरूंनी किंवा शिष्यांनी स्थापलेल्या संघाची स्मृती आपल्या विद्यापीठांना नाही, ती यामुळे.

१०/ संघ मोडला तरी गरज उरतेच. १८१९ मध्ये जर्मन राज्यांनी कार्ल्सबाड येथील ठरावांनी विद्यापीठांवर पाळत बसवली. त्याच वर्षी लोरेन्झ ओकेन या निसर्गशास्त्रज्ञाला आपल्या नियतकालिकापायी येना येथील प्राध्यापकपद गमवावे लागले. याच ओकेनने १८२२ मध्ये लाइपझिग येथे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्यांची सभा बोलावली. तिला कायमचे कार्यालय नव्हते. दरवर्षी नवे शहर. तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या देशात सीमा ओलांडून भेटण्याची ही युक्ती होती. १८३१ मध्ये यॉर्क येथे जन्मलेल्या ब्रिटिश असोसिएशनने तिचाच कित्ता गिरवला. आजच्या फिरत्या अधिवेशनांचे मूळ येथे आहे.

११/ पण भेटणे वेगळे आणि पाठीशी उभे राहणे वेगळे. १८३७ मध्ये हानोव्हरच्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली. ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला आणि सातही जणांना नोकरी गमवावी लागली. परीकथांमुळे आपल्याला माहीत असलेले ग्रिम बंधू त्यांत होते. त्यांच्या मदतीला कोणतीही प्राध्यापक-संघटना आली नाही, कारण तशी संघटना नव्हतीच. लाइपझिगमधील नागरिकांनी वर्गणी काढून त्यांच्या निर्वाहाची सोय केली.

१२/ आता १९३३. या वेळी संघटना होती. १९२० पासून जर्मन विद्यापीठांच्या अध्यापकांचा राष्ट्रीय संघ कार्यरत होता. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा प्राध्यापकांना सरकारी सेवेतून काढण्यास आरंभ झाला. त्याच महिन्यात या संघाने निवेदन काढले, ते नव्या राजवटीचे स्वागत करणारे. काढून टाकलेल्या सहकाऱ्यांसाठी तो उभा राहिला नाही. युरोपीय अध्यापक-संघटनांच्या इतिहासातील सर्वांत काळे पान कोणते, असे विचाराल तर मी याच पानावर बोट ठेवीन.

१३/ आणि सर्वांत उजळ पान त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांतले आहे. मे १९३३ मध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅकॅडमिक असिस्टन्स कौन्सिल’ स्थापन झाली; अर्नेस्ट रदरफोर्ड अध्यक्ष. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अध्यापकांनी स्वतःच्या पगाराचा काही हिस्सा निर्वासित सहकाऱ्यांसाठी बाजूला काढला. ऑक्टोबरमध्ये आल्बर्ट हॉलमधील सभेत आइन्स्टाइन बोलले. मदत मिळालेल्यांत माक्स बॉर्न आणि हान्स क्रेब्स होते. ही संस्था ‘कारा’ या नावाने आजही संकटातील विद्वानांसाठी काम करते. निवेदनाला कागद लागतो. येथे पगार लागला होता.

१४/ युद्धोत्तर काळ झपाट्याने पाहू. १९५९ मध्ये युरोपीय कुलगुरूंची परिषद संघटित झाली. २००१ मध्ये सालामांका येथे तिच्यातून व तिच्या जोडीच्या एका महासंघातून आजची युरोपियन युनिव्हर्सिटी असोसिएशन बनली. १९८७ मध्ये इरॅस्मस योजना आली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी परदेशी शिकायला गेले. त्यांची कागदपत्रे, गुण, राहण्याची सोय पाहणारा एक नवाच व्यवसाय निर्माण झाला, आणि त्या व्यवसायाची संघटना (ईएआयई) १९८९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे निघाली. मग संशोधन-व्यवस्थापकांची, संगणक-विभागांची, गुणवत्ता-मूल्यमापन करणाऱ्यांची. प्रत्येक टेबलाची एक संघटना.

१५/ या संघटनांची चेष्टा करणे सोपे आहे. मी करणार नाही. एका देशातले गुण दुसऱ्या देशात ग्राह्य धरले जातात, यामागे मंत्र्यांच्या भाषणांपेक्षा या अनाम कर्मचाऱ्यांची आपापसातील ओळख अधिक कामी आली आहे. जून १९९९ मध्ये २९ देशांच्या वतीने बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. ज्या नगरात विद्यार्थी प्राध्यापकांना दंड करीत, तेथील या कागदावर विद्यार्थ्यांची सही नव्हती. त्यांच्या युरोपीय संघटनेला सल्लागार सदस्याचे स्थान मिळाले ते २००१ मध्ये, प्राग येथे.

१६/ मात्र कसोटी पुन्हा आलीच. एप्रिल २०१७ मध्ये हंगेरीने असा कायदा केला की बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला अमेरिकी पदव्या देणे अशक्य व्हावे. हजारो लोक रस्त्यावर उतरले. युरोपभरातील विद्यापीठांनी व संघटनांनी निषेधाची पत्रे धाडली. विद्यापीठाला व्हिएन्नाला जावेच लागले. युरोपीय न्यायालयाने तो कायदा अवैध ठरवला ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे बिऱ्हाड हलल्यानंतर. १२२९ मध्ये सगळे गुरू एकत्र शहर सोडून गेले होते. २०१९ मध्ये एक विद्यापीठ गेले आणि शेजारच्यांचे तास वेळापत्रकाप्रमाणे चालू राहिले.

१७/ असे का झाले? माझ्या मते दोन कारणे. पहिले पैशाचे. अनेक युरोपीय संघटनांची बरीच कामे ब्रुसेल्सच्या प्रकल्पनिधीवर चालतात. जो निधी देतो त्याला अहवाल आवडतो, संप आवडत नाही. याउलट ब्रिटनमधील अध्यापकांची युनियन वर्गणीवर उभी आहे. १९१९ च्या जुन्या संघाची ती वारस. २०१८ मध्ये निवृत्तिवेतनातील कपातीविरुद्ध तिने १४ दिवसांचा संप केला. पुढे अनेक वर्षे झगडा चालला, सभासदांचे पगार कापले गेले, आणि एप्रिल २०२४ पासून कापलेले लाभ पूर्ववत झाले.

१८/ दुसरे कारण सभासदत्वाचे. जर्मनीत प्राध्यापकपद नसलेले बहुसंख्य संशोधक मुदतीच्या करारावर काम करतात. आपल्याकडील तासिका तत्त्वावरच्या मित्रांना यावर अधिक सांगायला नको. जून २०२१ मध्ये, या मुदतींचे समर्थन करणारी सरकारी चित्रफीत पाहून शेकडो संशोधकांनी ‘मी हन्ना आहे’ असे समाजमाध्यमांवर लिहायला सुरुवात केली. हन्ना ही त्या चित्रफितीतली काल्पनिक संशोधिका. विषय संसदेपर्यंत पोहोचला. पण या उठावाची ठिणगी प्राध्यापकांच्या जुन्या मानमरातबाच्या संघांतून पडली नाही. ज्यांचे करार संपत होते त्यांच्या फोनवरून पडली.

१९/ भविष्याचे चित्र सध्या तरी उलट्या दिशेने रंगते आहे. २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने विद्यापीठांच्या १७ आघाड्यांना निधी दिला. २०२४ पर्यंत त्या ६४ झाल्या. या आघाड्यांत सही करतात कुलगुरू. सभासद असतात संस्था. सामायिक अभ्यासक्रम आणि सामायिक पदव्या यांसाठी हे उत्तमच आहे. पण कुलगुरूच ज्या सरकारला घाबरतो, तेथे संस्थांची आघाडी व्यक्तीसाठी काय करील? माणसांचे सभासदत्व, स्वतःची वर्गणी, आणि कंत्राटी अध्यापकाला व कचेरीतल्या कर्मचाऱ्याला पूर्ण मताचा अधिकार: या तीन गोष्टी ज्या संघटना राखतील, त्याच पुढच्या कसोटीला कामी येतील. बाकीच्या चांगली अधिवेशने भरवतील.

२०/ शेवटी एक ताजे उदाहरण, तेही हंगेरीचेच. २०२० मध्ये बुडापेस्टच्या नाट्य व चित्रपट विद्यापीठाचा कारभार सरकारने नेमलेल्या विश्वस्त मंडळाकडे गेला. विद्यार्थ्यांनी १ सप्टेंबरपासून इमारत ताब्यात घेतली आणि सुमारे ७० दिवस राखली. अनेक शिक्षकांनी राजीनामे दिले. बाहेर पडलेल्यांनी मिळून ‘फ्रीएसझेडएफई’ नावाचा संघ काढला; त्याच्याकडे ना जुनी इमारत होती, ना पदवी देण्याचा अधिकार. तेव्हा साल्झबुर्गचे मोझार्टेउम, लुडविग्सबुर्गची फिल्म अकादमी आणि आणखी काही युरोपीय शाळांनी त्या विद्यार्थ्यांना आपल्या पटावर घेतले. शिकवत राहिले त्यांचे जुनेच शिक्षक, भाड्याच्या जागेत. आणि पदव्या मिळाल्या त्या या परदेशी शाळांच्या.