खंबीर मन आणि उसाचे बिल

मेंदूचे शास्त्र दैनंदिन जीवनात वापरून मन खंबीर करावे, असा उपदेश अलीकडे फार ऐकू येतो. कंपन्या नोकरवर्गासाठी शिबिरे भरवितात. दीर्घ श्वास घ्या, ध्यान करा, मेंदू लवचीक असतो, असे तेथे सांगितले जाते. मेंदू लवचीक असतो हे खरेच आहे, आणि झोप, व्यायाम यांचा उपयोग नाकारण्याचेही कारण नाही. परंतु ज्या शास्त्राचा हवाला दिला जातो, त्याची अर्धी गोष्ट या शिबिरांत सहसा उच्चारली जात नाही.

१९६७ च्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता, हे नमूद करावयास हवे. दोन कुत्र्यांना सारखेच विजेचे झटके बसत. एकाला डोक्याने फळी दाबून ते थांबविता येत, दुसऱ्याच्या हाती काहीच नसे. पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही या दुसऱ्या गटातील अनेक कुत्रे जागचे हलले नाहीत. असहायता शिकली जाते, असा सिद्धान्त यातून निघाला आणि पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. २०१६ साली त्याच दोघांनी तो उलटा केला! मधल्या काळात मायर यांनी उंदरांच्या मेंदूचा अभ्यास केला होता. दीर्घ छळापुढे निष्क्रिय होणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया होय. शिकावे लागते ते नियंत्रण. आपल्या कृतीने संकट थांबते, हे मेंदूच्या पुढच्या भागाला कळले म्हणजे तो निष्क्रियता चेतविणाऱ्या खोलवरच्या केंद्राला आवर घालतो, आणि हा आवर पुढील संकटातही उपयोगी पडतो. खंबीरपणाचे मूळ असे परिस्थितीवर खरोखर काही सत्ता चालल्याच्या अनुभवात आहे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला याहून जवळचा पुरावा तमिळनाडूत सापडतो. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास ५४ गावांतील ४६४ ऊस-उत्पादकांचा आहे. एकाच शेतकऱ्याला तोडीपूर्वी, गहाणवट आणि उसनवारीच्या दिवसांत, आणि नंतर पैसा हाती आल्यावर बुद्धीची सारखीच कोडी घातली गेली. तोडीपूर्वी तोच माणूस लक्षणीय मागे पडला. गावोगावी तोड वेगवेगळ्या महिन्यांत असल्याने हंगामाला दोष देता येत नाही. शेतकऱ्याला नियोजन कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे अवश्य पाहावेत.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज देणे कारखान्यांना बंधनकारक केले आहे. तो किती पाळला जातो, हे कोणत्याही सभासदाला विचारावे. थकलेले बिल हा मागणीपत्रकात केवळ रुपयांचा विषय म्हणून येतो. त्यात शेतकऱ्याच्या झोपेचा आणि विचारशक्तीचाही हिशेब मांडला गेला पाहिजे.

याचा अर्थ मानसिक आजार हे भरल्या पोटाचे चोचले आहेत, असा मात्र काढू नये. ही समजूत आपल्याकडील काही कार्यकर्त्यांतही आहे आणि ती चुकीची आहे. नैराश्याला उपचार लागतो. गोव्यात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांच्या साहाय्याने रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले. हा लाभ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्पष्ट दिसला. खाजगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. तेव्हा थकबाकीच्या मोर्चाबरोबर आरोग्य केंद्रातील समुपदेशकाच्या जागेची मागणीही त्याच निवेदनात घालता येईल.